तीन रायफलींतून दोन : १९०९ च्या आफ्रिका मोहिमेतील एका निवडीचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून उतरून तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा २३ मार्च १९०९ रोजी थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कहून आफ्रिकेला निघाले आणि २१ एप्रिलला मोंबासाला उतरले. बरोबर त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा कर्मिट होता आणि स्मिथसोनियन संस्थेने दिलेले तीन निसर्गअभ्यासक होते. पुढील जवळजवळ अकरा महिने हा तांडा आजच्या केनियातून युगांडा आणि काँगोच्या सीमेवरील लाडो मुलूख पार करत नाईलच्या काठाने मार्च १९१० मध्ये खार्टूमला पोहोचला. या काळात बापलेकांनी मिळून ५१२ जनावरे मारली. त्यांतली २९६ रूझवेल्ट यांची आणि २१६ कर्मिटची. त्यांत १७ सिंह, ११ हत्ती आणि २० गेंडे होते. उरलेला मोठा भाग हरणे, झेब्रे, रानडुकरे यांचा होता.

हे आकडे आज वाचवत नाहीत, आणि त्या मोहिमेचे समर्थन करावे असा या लेखाचा हेतूही नाही. मात्र एकाच प्रवासात, एकाच माणसाच्या हातून, वीस किलोच्या थॉमसन गझेल या लहान हरणापासून पाच टनांच्या हत्तीपर्यंत सर्व तऱ्हेची जनावरे टिपायची असतील तर त्याने कोणत्या रायफली न्याव्यात, या प्रश्नाचे इतके तपशीलवार नोंदलेले दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही. कोणत्या जनावरावर कोणती बंदूक चालवली, गोळी कुठे लागली, कुठे चुकली, हे रूझवेल्ट यांनी स्वतः लिहून ठेवले आणि आपले नेम चुकलेले प्रसंगही लपवले नाहीत. म्हणूनच त्यांच्या निवडीची शंभर वर्षांनंतर शांतपणे तपासणी करता येते.

त्यांनी स्वतःसाठी तीन रायफली नेल्या आणि शिवाय पक्ष्यांसाठी फॉक्स कंपनीची बारा बोअरची दुनळी छऱ्याची बंदूक. तिला इथे बाजूला ठेवतो. मला तपासायचे आहे ते असे, की तीनऐवजी दोनच रायफली न्यायच्या असत्या, तर कोणती वगळता आली असती आणि वगळल्याने काय गमावले असते.

आधी माणूस पाहू, कारण बंदूक माणसाच्या अंगाला बसवायची असते. रूझवेल्ट तेव्हा पन्नास वर्षांचे होते, शरीराने दणकट पण वजनदार. लहानपणापासून त्यांना दूरचे नीट दिसत नसे, आणि अध्यक्ष असतानाच मुष्टियुद्धाच्या सरावात डाव्या डोळ्याला मार लागून त्या डोळ्याची दृष्टी गेली होती. म्हणजे नेम धरायला उजवा डोळा, तोही चष्म्यामागचा, आणि रायफलीवर दुर्बीण नाही. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा छोटा खुंट, आणि मागची खाच एवढ्यावरच सारा भरवसा. चष्म्याचे अनेक जादा जोड त्यांनी सामानात भरून घेतले होते. आपण उत्तम नेमबाज नाही, हे ते मोकळेपणाने सांगत. अशा माणसाला पहिल्या गोळीची खात्री कमी असते, म्हणून दुसरी गोळी झटपट हाती येणे त्याला इतरांपेक्षा अधिक मोलाचे असते. या प्रकरणातील पुढच्या सगळ्या चर्चेला ही गोष्ट पायाभूत आहे.

दुसरी अट मोहिमेच्या कामाची होती. जनावरे संग्रहालयासाठी हवी होती, म्हणजे कातडे आणि कवटी शाबूत हवी. शिवाय दोनशेहून अधिक हमालांच्या तांड्याला रोज मांस लागे, आणि ते मुख्यतः मैदानातल्या हरणांचे. याचा अर्थ असा की दर दहा गोळ्यांमधल्या बहुतेक गोळ्या उघड्या माळावर, दोन-अडीचशे यार्डांवर उभ्या असलेल्या हरणांवर सुटणार होत्या. जिवावर बेतणारे प्रसंग संख्येने थोडे होते आणि ते जवळच्या झाडीत, दहा-वीस पावलांवर घडणार होते. मिश्र शिकारीतली खरी अडचण हीच आहे की जी बंदूक सर्वांत जास्त वेळा वापरायची, तीच सर्वांत वाईट मिनिटाला हाती असेल तर पुरेशी पडत नाही. आणि त्या मिनिटासाठी घेतलेली बंदूक उरलेल्या दिवसभर ओझे होऊन बसते.

आता रायफली पाहू. पहिली हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या घराण्याची .५००/.४५० बोअरची दुनळी (रायफलीचा बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचांत; इथे .५०० च्या काडतुसात .४५० ची गोळी). ती इंग्लंडमधल्या पन्नासहून अधिक चाहत्यांनी वर्गणी काढून त्यांना भेट दिली होती. राष्ट्रीय उद्याने आणि राखीव वने यांच्याद्वारे प्राणिजाती राखण्यासाठी रूझवेल्ट यांनी केलेल्या कामाची ती पावती होती. तिची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची, आणि वेग सेकंदाला सुमारे २१७५ फूट. नळीच्या तोंडाशी ऊर्जा पाच हजार फूट-पौंडांच्या आसपास, आजच्या मापात साधारण ६८०० जूल भरते. तळकोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी ज्यांनी हाताळली आहे, त्यांना या रायफलीची मांडणी लगेच ओळखीची वाटेल. तिला दोन चाप असतात. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. दोन्ही नळ्यांची यंत्रणा एकमेकींपासून स्वतंत्र असते. एक बिघडली तरी दुसरी चालते, आणि पहिल्या बारानंतर बोट अर्धा इंच मागे सरकवले की दुसरा बार तयार असतो. हाताला दुसरे काही करावे लागत नाही आणि डोळा जनावरावरून हलत नाही.

या दुनळीची किंमत कळायला मोहिमेतला त्यांचा पहिला गेंडा पुरेसा आहे. माळावर हिंडताना वाकांबा या स्थानिक जमातीच्या एका माणसाने येऊन जवळच्या टेकडीच्या उतारावर गेंडा असल्याचे सांगितले. गेंडा उठत असताना रूझवेल्ट यांनी उजवी नळी झाडली आणि गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली. तरीही तो नाकपुड्यांतून रक्त उडवीत वळला आणि सरळ त्यांच्यावर धावून आला. तो पुरता वळण्याच्या आतच डाव्या नळीची गोळी मान आणि खांदा यांच्यामधून शिरून काळजात गेली, आणि त्याच क्षणी बरोबरच्या कॅप्टन स्लॅटर यांची गोळी मानेच्या मणक्यात बसली. शिंग आणि पाय जमिनीत रुतवीत ते धूड त्यांच्यापासून तेरा पावलांवर कोसळले. या प्रसंगात पहिली गोळी चुकलेली नाही, ती मर्मी लागलेली आहे. तरीही दुसरी गोळी लागली नसती तर मधले तेरा पावलांचे अंतर उरले नसते. एकनळी रायफलीत दर बारानंतर बोल्ट, म्हणजे काडतूस आतबाहेर करणारा दांडा, मागेपुढे करावा लागतो; तो वेळ या हिशेबात कुठेच बसत नाही.

आणखी एक गोष्ट या प्रसंगात दडलेली आहे. त्या दिवशी ते गेंड्याच्या मागावर नव्हतेच. मिश्र शिकारीत जनावरे आपल्या सोयीच्या क्रमाने भेटत नाहीत. हरणाच्या दिवशी गेंडा भेटतो आणि गेंड्याच्या दिवशी काहीच भेटत नाही. दुनळी तंबूत ठेवून ते हरणांमागे गेले असते तर हा प्रसंग वेगळा घडला असता. बंदूक वाहणारा माणूस पाठीशी सतत होता, म्हणून जड रायफल हाताच्या अंतरावर राहिली.

केनिया पर्वताच्या पायथ्याच्या रानातला पहिला हत्तीही याच दुनळीने पडला, पण तिथे तिची मर्यादाही उघडी पडली. पहिली गोळी मेंदूच्या अगदी कडेने गेली आणि हत्ती नुसता भोवंडला. दुसरीने तो कोसळला. दोन्ही नळ्या रिकाम्या झाल्या आणि तेवढ्यात शेजारच्या झुडपांतून दुसरा नर फुटून इतक्या जवळ आला की त्याची सोंड रूझवेल्ट यांना लागू शकली असती. ते झाडाआड उडी मारून नव्या गोळ्या भरू लागले, आणि मार्गदर्शक कनिंगहॅम यांनी दोन बार काढून त्या हत्तीला वळवले. दुनळी पहिल्या दोन सेकंदांत जगातल्या कोणत्याही रायफलीला मागे टाकते, पण तिसऱ्या गोळीपाशी ती नुसती नळी उरते. अशा रायफलीमागे दुसरा माणूस दुसऱ्या भरलेल्या बंदुकीनिशी उभा असावाच लागतो. म्हणून हा प्रश्न एकट्या शिकाऱ्याच्या दोन बंदुकांपुरता कधीच नसतो. मार्गदर्शकाची बंदूक न बोलता त्या हिशेबात धरलेली असते.

इथे एक जरासा बाजूचा, पण आपल्या प्रदेशाशी जोडलेला तपशील सांगतो. ज्या .४५० बोअरच्या घराण्यातली ही दुनळी, त्या बोअरच्या रायफली आणि काडतुसे हिंदुस्थानात आणायला ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंदी घातली होती, कारण सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांचा बोअर तोच होता आणि काडतुसे बंडखोरांच्या हाती पडण्याची धास्ती होती. हिंदुस्थानातले गिऱ्हाईक सुटू नये म्हणून लंडनच्या बंदूककारांनी .४७०, .४७६, .५००/.४६५ असे नवे बोअर पुढे आणले, आणि तेच बोअर पुढे आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीची ओळख बनले. हिंदुस्थानातल्या बंडाच्या धास्तीने निघालेले नियम आफ्रिकेतल्या बंदुकांचे माप ठरवून गेले.

दुसरी रायफल अमेरिकी सैन्याची स्प्रिंगफील्ड, १९०३ चा नमुना, .३० बोअर, आपल्या अंगाला साजेसा दस्ता आणि सोयीची माशी बसवून घेतलेली. हिची बोल्टची रचना मूळ जर्मन माउझरवरून इतकी जवळून घेतली होती की अमेरिकी सरकारला माउझर कंपनीला स्वामित्वधन द्यावे लागले. हिचे काडतूस १९०६ साली पक्के झालेले .३०-०६. सैन्याची गोळी १५० ग्रेनची, टोकदार, संपूर्ण धातूच्या आवरणाची, वेग सेकंदाला सुमारे २७०० फूट. ऊर्जा सुमारे ३३०० जूल, म्हणजे हॉलंडच्या निम्मी. पण मार्ग इतका सपाट की अडीचशे यार्डांपर्यंत माशी वरखाली करण्याची फारशी गरज पडत नाही. अधू नजरेच्या माणसाला अंतराचा अंदाज चुकण्याची भीती जास्त, म्हणून सपाट मार्ग ही त्याच्यासाठी निव्वळ चैन नव्हती. मैदानातल्या कामाचा मोठा भार याच रायफलीने उचलला.

या गोळीची रूझवेल्ट यांनी स्तुती केली आहे, आणि तिथे मला थांबावेसे वाटते. संपूर्ण आवरणाची टोकदार गोळी शरीरात शिरल्यावर फुलत नाही, पण तिचा भार मागच्या बाजूला असल्याने ती मांसात शिरताच डगमगते आणि आडवी होऊन फिरते. त्यामुळे बाहेरून लहान दिसणारी जखम आतून मोठी होते. हे घडले की परिणाम उत्तम दिसतो. मात्र ती नेमकी किती खोलीवर आडवी होईल, हाड लागल्यास कुठे वळेल, याचा नेम नाही. लहान हरणात ती कधी सरळ पार होते आणि जनावर पळत राहते. जखमी होऊन माळावर सांडलेले जनावर हे शिकाऱ्याच्या हातून घडणारे सर्वांत मोठे पाप आहे असे मी मानतो, आणि ज्या गोळीचा परिणाम आधी सांगता येत नाही ती गोळी कितीही सपाट जात असली तरी तिच्यावर मी भरवसा ठेवणार नाही. रूझवेल्ट यांनी अनेक लांबच्या गोळ्या झाडल्या आणि त्यांतल्या बऱ्याच नीट बसल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या नोंदींतून हे दिसते. दोष रायफलीचा नव्हता. तीच रायफल वेगळ्या गोळीने भरली असती तर पुष्कळ फरक पडला असता. या मुद्द्याकडे परत यायचे आहे.

तिसरी रायफल विंचेस्टरची, १८९५ चा नमुना, .४०५ बोअर. खरा वाद हिच्याभोवती आहे. ही लिव्हरची रायफल. चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, वर ओढली की नवे आत जाते. डकोटातल्या पशुपालनाच्या दिवसांपासून रूझवेल्ट यांचा हात विंचेस्टरच्या लिव्हरवर बसलेला होता. १९०४ साली निघालेल्या या काडतुसाची गोळी ३०० ग्रेनची, वेग सुमारे २२०० फूट, ऊर्जा सुमारे ४३७० जूल. सिंहासाठी ही आपल्याला लाभणारी बंदूक असल्याचे त्यांनी स्वतः लिहिले, आणि त्यांचे नऊ सिंह पाहता ते म्हणणे पोकळ नाही. सिंह मोठा असला तरी त्याचे कातडे पातळ, हाडे हत्ती-गेंड्यासारखी नाहीत. जाड, मऊ नाकाची (म्हणजे शरीरात शिरून फुलणारी), मध्यम वेगाची गोळी त्याला झटकन खाली पाडते, आणि लिव्हरने दुसरी, तिसरी, चौथी गोळी खांद्यावरून रायफल न काढता देता येते.

पण त्याच गोळीकडे गेंडा किंवा रानरेडा समोर ठेवून पाहिले तर चित्र बदलते. गोळी किती खोल जाते हे तिच्या नुसत्या वजनावर ठरत नाही, तर छेदाच्या मानाने ते वजन किती आहे यावर ठरते. .४०५ ची गोळी जाड आहे, पण जाडीच्या मानाने हलकी. नेहमीच्या मोजपट्टीवर तिचे हे प्रमाण ०.२५ च्या आसपास येते, तर हॉलंडच्या ४८० ग्रेनच्या गोळीचे ०.३३ च्या आसपास. जाड कातड्याच्या जनावराला तिरके उभे असताना मारायचे झाले, तर .४०५ ची गोळी खांद्याच्या हाडापाशी थांबण्याचा धोका असतो. म्हणजे ही रायफल हलक्या कामाला गरजेपेक्षा जड आणि जड कामाला गरजेपेक्षा उथळ. तिचा हक्काचा टापू मधला आहे: सिंह, ईलंड हे प्रचंड हरीण, जवळच्या अंतरावरचे इतर मोठे हरीण.

तर मग ती वगळावी काय? हॉलंड आणि स्प्रिंगफील्ड एवढीच जोडी उरली असती तर दोघींच्या मध्ये एक खिंडार राहिले असते. शंभर-सव्वाशे यार्डांवरचा सिंह किंवा सात-आठशे किलोचा ईलंड घ्या. दुनळीच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक, जवळच्या अंतरावर एकाच बिंदूला लागतील अशा जुळवलेल्या असतात. त्यापुढे त्या फाकू लागतात, आणि तिची ठळक माशी लांबवरच्या जनावराला झाकून टाकते. उलट स्प्रिंगफील्डच्या सैनिकी गोळीचा सिंहावरचा परिणाम बेभरवशाचा. विंचेस्टर हे खिंडार बुजवत होती, म्हणून ती नेण्यात चूक नव्हती. प्रश्न असा आहे की ते खिंडार दुसऱ्या रायफलीनेच बुजवायला हवे होते का.

माझ्या मते नाही. .३० बोअरच्या त्याच स्प्रिंगफील्डसाठी अमेरिकी सैन्यात १९०३ पासून २२० ग्रेनची, गोल नाकाची गोळी होती. १९०६ साली ती सोडून १५० ग्रेनची टोकदार गोळी स्वीकारली गेली, आणि.३०-०६ चे काडतूस जुन्या काडतुसाची मान किंचित आखूड करून झाले. २२० ग्रेनच्या गोळीचे छेदाच्या मानाने वजन ०.३३ भरते, म्हणजे हॉलंडच्या गोळीइतकेच. तिचे नाक उघड्या शिशाचे असेल तर ती सिंहात आणि ईलंडमध्ये फुलते आणि फुलूनही खोल जाते. पुढच्या काळात आफ्रिकेत .३०-०६ घेऊन गेलेल्या पुष्कळ शिकाऱ्यांनी मोठ्या हरणांसाठी हीच गोळी पसंत केली. तेव्हा तिसऱ्या रायफलीने जे काम केले त्याचा मोठा भाग वेगळ्या काडतुसांच्या एका पेटीने झाला असता.

या म्हणण्याविरुद्ध दोन गोष्टी आहेत आणि त्या बाजूला सारता येणार नाहीत. एकाच रायफलीत १५० आणि २२० ग्रेनच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागत नाहीत; शंभर यार्डांवर त्यांच्यात काही इंचांचा फरक पडतो. एक डोळा गेलेल्या, चष्म्याचा, घाईत असलेल्या माणसाने आपल्या नळीत आत्ता कोणती गोळी आहे हे लक्षात ठेवून माशी बदलावी, ही अपेक्षा धोक्याची आहे. यावर उपाय एकच की दोन्हींऐवजी एकच मधली गोळी, समजा १८० ते २२० ग्रेनची मऊ नाकाची, सर्व हरणांना आणि सिंहाला वापरावी आणि लांबच्या गोळ्यांचा मोह सोडावा. दुसरी गोष्ट हाताच्या सवयीची. पंचवीस वर्षे लिव्हर चालवलेल्या हाताला सिंह धावून येताना बोल्ट द्यावा का? इथे रूझवेल्ट यांच्या निवडीतला मला सर्वांत मोठा वाटणारा दोष समोर येतो. त्यांच्या तीन रायफली तीन वेगवेगळ्या जातींच्या होत्या: एकीला दोन चाप, दुसरीला बोल्ट, तिसरीला लिव्हर. तिन्हींचे खटके निराळे, भरण्याची रीत निराळी, खांद्याला बसणारा धक्का निराळा. शांतपणे मैदानात उभे असताना हे सहज जमते, पण झाडीतून काहीतरी फुटून आल्यावर हात विचारून चालत नाही.

याच मोहिमेत याहून विचारपूर्वक जुळवलेला संच होता आणि तो मुलाकडे होता. कर्मिटजवळ स्प्रिंगफील्डऐवजी सैन्याचेच काडतूस उडवणारी दुसरी विंचेस्टर होती, शिवाय .४०५ ची विंचेस्टर होतीच, आणि जड कामाला रिग्बी या लंडनच्या बंदूककाराची दुनळी. म्हणजे हलकी आणि मधली या दोन्ही रायफली एकाच जातीच्या, एकाच लिव्हरच्या. हातात कोणती आली हे पाहण्याआधीच हाताला पुढची हालचाल ठाऊक. एकोणीस वर्षांच्या पोराने हे मुद्दाम ठरवले की योगायोगाने झाले, यावर काही रचण्यात अर्थ नाही. पण तपासणीत ही मांडणी वडिलांच्या मांडणीपेक्षा उजवी ठरते. पन्नास वर्षांच्या, एका डोळ्याच्या माणसाला तिची गरज मुलापेक्षा किती तरी अधिक होती.

याच सुमारास लाडो मुलुखात वॉल्टर बेल नावाचा हस्तिदंताचा शिकारी .२७५ बोअरच्या, म्हणजे सात मिलिमीटरच्या रिग्बी-माउझरने हत्ती पाडत होता, आणि त्याच्या नावावर जन्मभरात हजाराच्या घरात हत्ती लागले. जड रायफल निरर्थक आहे, असे सांगण्यासाठी त्याचे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. बेलने हत्तींच्या कवट्या कापून मेंदूची जागा कोणत्या कोनातून कुठे येते याचा अभ्यास केला होता, आणि तो असामान्य नेमबाज होता. वर्षातून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर जाणाऱ्या माणसाने त्याचा दाखला घेऊ नये. रूझवेल्ट यांनी तो घेतला नाही, हे त्यांच्या निवडीचे श्रेय आहे.

१९१२ साली हॉलंड अँड हॉलंडनेच .३७५ मॅग्नम हे काडतूस बाजारात आणले, आणि हा सगळा प्रश्न बदलून गेला. ३०० ग्रेनची गोळी, वेग सुमारे २५३० फूट, ऊर्जा सुमारे ५७८० जूल, छेदाच्या मानाने वजन ०.३० च्या वर, आणि मार्ग जवळजवळ .३०-०६ च्या जड गोळीइतका सपाट. सिंह, ईलंड, रानरेडा हे तिन्ही या एकाच रायफलीच्या कक्षेत आले आणि अडचणीत हत्तीही. रूझवेल्ट तीन वर्षे आधी निघाले, म्हणून त्यांना तीन रायफली लागल्या. तरी वाट अगदीच बंद नव्हती: बर्लिनच्या ओटो बॉकने १९०५ सालीच जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतवाल्यांसाठी ९.३×६२ हे काडतूस काढले होते, सुमारे २८५ ग्रेनच्या गोळीचे, साध्या माउझर बोल्टमध्ये बसणारे. स्प्रिंगफील्डशेजारी ती रायफल ठेवली असती तर दोन्हींचा बोल्ट एकाच घराण्याचा झाला असता. हत्तीसाठी मात्र, त्या वयात आणि त्या नजरेने, मी त्यांच्या हातची दुनळी काढून घेतली नसती.

म्हणून १९०९ च्या परिस्थितीत माझी जोडी अशी ठरते: हॉलंडची दुनळी आणि स्प्रिंगफील्ड, आणि स्प्रिंगफील्डला सैनिकी टोकदार गोळी वर्ज्य. सिंहासमोर त्यांनी काय गमावले असते? लिव्हरचा वेग आणि सवयीचा विश्वास. हे नुकसान खरे आहे, आणि निघण्याआधी काही महिने रोज बोल्टचा सराव केल्याशिवाय ते भरून निघाले नसते. तेवढा वेळ काढणे अध्यक्षपदाच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांना शक्य होते का, याबद्दल मला शंका आहे. हमाल आणि जहाज यांची कमतरता नसताना तिसरी रायफल उचलून घेणे हा त्यांच्यासाठी सोपा मार्ग होता.

आजच्या प्रवाशाला तो मार्ग नाही. केनियात १९७७ पासून शिकार बंद आहे आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्यावर आधीच कडक बंधने आली होती. रूझवेल्ट यांच्यासारखी मिश्र शिकार आता नामिबिया, टांझानिया, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका अशा देशांत परवान्यावर आणि ठरवून दिलेल्या संख्येतच होते. नामिबियात कायदाच नळीच्या तोंडाशी किमान ऊर्जा ठरवून देतो: स्प्रिंगबकसारख्या लहान हरणाला १३५० जूल, कुडू, ऑरिक्स, ईलंड यांना २७००, आणि हत्ती-रानरेड्याला ५४००. या मोजपट्टीवर रूझवेल्ट यांची विंचेस्टर रानरेड्याला नापास होते, स्प्रिंगफील्ड सर्व हरणांना पास होते आणि .३७५ सगळ्यांना पास होते. विमान कंपन्या साधारणपणे माणशी पाच किलोच काडतुसे नेऊ देतात. .३७५ चे एक काडतूस चाळीस ग्रॅमच्या थोडे वर, .३०-०६ चे पंचवीस ते तीस ग्रॅम. पहिल्याची चाळीस आणि दुसऱ्याची साठ घेतली तरी पेट्यांसकट पाच किलोंच्या आत बसतात. दोन रायफली, एकाच बनावटीचा बोल्ट, एकाच जागी खटका, आणि प्रत्येकीला एकच गोळी: .३०-०६ ला १८० ग्रेनची मऊ नाकाची, .३७५ ला ३०० ग्रेनची. रानरेड्याचा परवाना असेल तर .३७५ च्या चाळीसांतली दहा न फुलणारी, पूर्ण आवरणाची. मात्र ती मऊ नाकाच्या गोळ्यांबरोबर पन्नास यार्डांवर एकाच ठिकाणी लागतात हे घरीच तपासून घ्यावे. तसे लागत नसेल तर गोळ्यांची बनावट बदलावी.

एवढे जुळवल्यावर जड रायफल हरणाच्या दिवशी गाडीत ठेवून देण्याचा मोह होतो, कारण तिचे वजन आणि धक्का दोन्ही जास्त. तो वाकांबा माणूस टेकडीवरच्या गेंड्याची बातमी घेऊन आला, तो हरणांचाच दिवस होता. .३७५ च्या निदान वीस गोळ्या निघण्याआधी उभ्याने, काठीच्या टेकूवरून, पन्नास ते शंभर यार्डांवर झाडून झाल्या असतील, तर ती रायफल दिवसभर खांद्यावर ठेवायला जड वाटत नाही. आणि त्या वीस गोळ्या सामानातल्या चाळीसांत धरायच्या नाहीत.